डीएनए चाचणी आणि आफ्रिकी पूर्वजांचा शोध : विज्ञान, बाजार आणि कायदा

अमेरिकेत १८७० साली झालेली जनगणना ही तेथील आफ्रिकन-अमेरिकन कुटुंबांच्या इतिहासातील एक सीमारेषा मानली जाते. देशातील सर्व कृष्णवर्णीय व्यक्तींची नावानिशी नोंद त्या वर्षी प्रथमच झाली. तत्पूर्वीच्या १८५० व १८६० च्या जनगणनांमध्ये गुलामांसाठी स्वतंत्र तक्ते होते. त्यांत मालकाचे नाव असे आणि त्याखाली प्रत्येक गुलामाचे वय, लिंग व वर्ण लिहिलेला असे. गुलामाचे नाव मात्र सहसा नोंदवले जात नसे. १८६० मध्ये अशा व्यक्तींची संख्या सुमारे ३९ लाख ५० हजार होती. १८६५ च्या तेराव्या घटनादुरुस्तीने गुलामगिरी संपुष्टात आली, परंतु या लाखो लोकांच्या वंशजांना आपल्या पणजोबांच्या मागे जाणारा लेखी पुरावा बहुधा सापडत नाही. शेतजमीन, जनावरे व अवजारे यांच्या यादीत ज्यांची किंमत डॉलरमध्ये लिहिली गेली, त्यांचे आईवडील कोण हे लिहिण्याचे प्रयोजन मालकाला वाटले नव्हते. ही पोकळी डीएनए चाचणीने भरून निघू शकते काय, हा प्रश्न गेल्या दोन दशकांत केवळ विज्ञानापुरता उरलेला नाही. त्यात बाजारपेठ, नागरिकत्वाचा कायदा, नुकसानभरपाईची मागणी आणि वैयक्तिक माहितीवरील मालकी असे अनेक पदर गुंतलेले आहेत.

या प्रश्नाची व्याप्ती समजण्यासाठी काही आकडे ध्यानात घेणे आवश्यक आहे. जहाजांच्या नोंदींवरून इतिहाससंशोधकांनी तयार केलेल्या माहितीसाठ्यात ३६ हजारांहून अधिक सफरींची नोंद आहे. त्यावरून केलेल्या अंदाजानुसार सोळाव्या ते एकोणिसाव्या शतकाच्या काळात सुमारे १ कोटी २५ लाख आफ्रिकी लोकांना अटलांटिक महासागरापलीकडे नेण्यासाठी जहाजांत कोंबण्यात आले. त्यांपैकी सुमारे १ कोटी ७ लाख लोक जिवंत उतरले. म्हणजेच सुमारे १८ लाख लोकांचा मृत्यू समुद्रप्रवासातच झाला. सर्वाधिक, सुमारे ४८ लाख लोक ब्राझीलमध्ये उतरवले गेले. आजच्या अमेरिकेच्या भूमीवर थेट आफ्रिकेतून आलेल्यांची संख्या तुलनेने अल्प, म्हणजे सुमारे ३ लाख ८८ हजार होती. मात्र जहाजाच्या नोंदीतून कळते ते बंदर, गाव नव्हे. सेनेगांबिया, गोल्ड कोस्ट, बायाफ्राचे आखात किंवा अंगोला येथून जहाज सुटले एवढेच त्यावरून सांगता येते. त्या बंदरापर्यंत माणसे शेकडो किलोमीटर आतून चालवत आणली जात असत.

चाचणी नेमके काय मोजते?

मानवी पेशीतील डीएनए ही सुमारे ३०० कोटी अक्षरांची एक दीर्घ लिपी आहे असे मानले, तर वंशशोधासाठी तिचे तीन भाग वेगवेगळ्या पद्धतीने वाचले जातात.

पहिला भाग म्हणजे पेशीतील मायटोकॉन्ड्रिया या घटकातील डीएनए. त्याची लांबी अवघी १६,५६९ अक्षरे आहे. तो आईकडून मुलगा व मुलगी या दोघांनाही मिळतो, परंतु पुढील पिढीस केवळ मुलीकडूनच जातो. त्यामुळे त्यावरून आई, आजी, पणजी अशी सरळ मातृरेषा कळते. दुसरा भाग वाय गुणसूत्राचा. तो पित्याकडून पुत्रास मिळतो आणि सरळ पितृरेषा दाखवतो. या दोन्ही भागांची पिढ्यान्‌पिढ्या सरमिसळ होत नाही. क्वचित एखादे अक्षर बदलते, त्यास उत्परिवर्तन म्हणतात. अशा बदलांची साखळी जुळवून शास्त्रज्ञ मानवी वंशरेषांचे गट पाडतात. आफ्रिकेतील मातृरेषांचे बहुतेक मूळ गट ‘एल’ या अक्षराने ओळखले जातात.

या दोन्ही चाचण्यांची मर्यादा साध्या गणिताने स्पष्ट होते. प्रत्येक पिढीमागे पूर्वजांची संख्या दुप्पट होत जाते. दहा पिढ्या मागे गेल्यास वंशवृक्षात १,०२४ स्थाने असतात. त्यांपैकी मातृरेषेची चाचणी एका स्त्रीविषयी आणि पितृरेषेची चाचणी एका पुरुषाविषयी सांगते. उरलेल्या १,०२२ पूर्वजांविषयी या दोन चाचण्या मौन बाळगतात. ‘तुमचे मूळ अमुक समाजात आहे’ असे प्रमाणपत्र हाती आल्यावर हे मौन सहसा विसरले जाते.

तिसरा भाग उर्वरित बावीस गुणसूत्र-जोड्यांचा. तो आई व वडील या दोघांकडून निम्मा निम्मा येतो आणि प्रत्येक पिढीत त्याची फेरमांडणी होते. त्यावरून एखाद्या व्यक्तीचा किती टक्के वारसा पश्चिम आफ्रिकी, किती युरोपीय याचा अंदाज बांधता येतो, तसेच दोन व्यक्तींमधील समान तुकडे मोजून त्यांचे नाते किती जवळचे आहे हेही सांगता येते. परंतु दहा पिढ्यांपूर्वीच्या एका पूर्वजाचा वाटा सरासरीने एक सहस्रांश इतका घटलेला असतो. प्रत्यक्षात अशा अनेक पूर्वजांचा एकही तुकडा वंशजाच्या शरीरात शिल्लक नसतो. वंशावळीतील पूर्वज आणि जनुकीय पूर्वज या दोन संकल्पना एकरूप नाहीत, हे येथे नमूद करावयास हवे.

उत्तर नमुन्यांवर अवलंबून

डीएनएच्या अक्षरांवर कोणत्याही देशाचे वा जमातीचे नाव लिहिलेले नसते. चाचणी करणारी संस्था ग्राहकाच्या नमुन्याची तुलना आपल्याजवळील संदर्भसंचाशी करते आणि जेथे साम्य आढळेल ते नाव कळवते. संदर्भसंचात जो समाज नाही, त्याचे नाव अहवालात येऊ शकत नाही. आफ्रिकेबाबत ही अडचण विशेष तीव्र आहे. जगातील सर्वाधिक जनुकीय विविधता याच खंडात आढळते. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या सारा टिशकॉफ व सहकाऱ्यांच्या अभ्यासात १२१ आफ्रिकी समाजांचे नमुने तपासून पूर्वजांचे १४ मोठे समूह दाखवण्यात आले. तरीही जागतिक जनुकीय संशोधनातील नमुन्यांत आफ्रिकेचा वाटा दीर्घकाळ नगण्य राहिला. ही उणीव दूर करण्यासाठी आफ्रिकी शास्त्रज्ञांच्या नेतृत्वाखाली ‘एचथ्रीआफ्रिका’ हा प्रकल्प सुरू झाला. त्यातील २०२० च्या एका अभ्यासात ५० भाषिक-सामाजिक समूहांतील ४२६ व्यक्तींच्या संपूर्ण जनुकसंचाचे वाचन झाले, आणि पूर्वी कोठेही नोंद नसलेले ३० लाखांहून अधिक बदल त्यात आढळले. केवळ ४२६ व्यक्तींत एवढे नवे आढळावे, यावरून आधीचा साठा किती अपुरा होता याची कल्पना येते.

दुसरी अडचण अधिक मूलभूत आहे. बांटू भाषकांच्या स्थलांतरामुळे आणि खंडांतर्गत व्यापार, विवाह व युद्धांमुळे एकच मातृरेषा आफ्रिकेतील अनेक समाजांत विखुरलेली आहे. साउथ कॅरोलिना विद्यापीठातील बर्ट एली व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये आफ्रिकन-अमेरिकन व्यक्तींच्या मातृरेषांची आफ्रिकेतील उपलब्ध नमुन्यांशी तुलना केली. त्यांपैकी निम्म्याहून अधिक मातृरेषा एकापेक्षा अधिक समाजांशी जुळल्या. सुमारे ४० टक्के कोणाशीच तंतोतंत जुळल्या नाहीत. एकाच समाजाशी जुळणाऱ्या मातृरेषांचे प्रमाण १० टक्क्यांहूनही कमी भरले.

संख्याशास्त्राच्या विद्यार्थ्यांस परिचित असलेली एक चूक येथे सहज घडते. समजा, एक विशिष्ट मातृरेषा एक लाख लोकसंख्येच्या लहान समाजातील दर शंभर नमुन्यांपैकी १० मध्ये आढळली, आणि पन्नास लाख लोकसंख्येच्या मोठ्या समाजात दर शंभरांपैकी २ मध्ये. ‘सर्वाधिक साम्य’ म्हणून लहान समाजाचे नाव कळवले जाईल. परंतु ती रेषा असलेले लोक लहान समाजात दहा हजार, तर मोठ्या समाजात एक लाख आहेत. म्हणजे पूर्वज मोठ्या समाजातील असण्याची शक्यता इतर गोष्टी समान असता दहापट अधिक आहे. शिवाय त्या काळी कोणत्या समाजातील किती लोक पकडून नेले गेले, हा घटकही हिशेबात घ्यावा लागतो. ग्राहकाच्या हाती मात्र शक्यतांचा तक्ता न येता एकच नाव येते. विक्रेत्याला वस्तूचे दोष माहीत असावेत आणि ग्राहकाला नसावेत, या स्थितीस अर्थशास्त्रात माहितीची विषमता म्हणतात. त्याचे याहून स्वच्छ उदाहरण शोधावे लागणार नाही.

हार्वर्ड विद्यापीठातील प्राध्यापक हेन्री लुई गेट्स यांचा अनुभव या संदर्भात बोलका आहे. २००० साली झालेल्या एका चाचणीने त्यांची मातृरेषा इजिप्तच्या परिसरात, बहुधा न्यूबियन लोकांत असल्याचे सुचवले होते. काही वर्षांनंतरच्या चाचणीने ती युरोपीय असल्याचे दाखवले. आफ्रिकन-अमेरिकन व्यक्तींची मुळे शोधणारे दूरचित्रवाणी कार्यक्रम गेट्स यांनीच २००६ पासून लोकप्रिय केले. चाचण्यांच्या मर्यादांविषयी जाहीरपणे बोलणाऱ्यांतही ते अग्रभागी राहिले आहेत. अमेरिकन मानव आनुवंशिकी संस्थेने २००८ मध्ये या विषयावर निवेदन प्रसिद्ध करून चाचणी संस्थांनी आपल्या निष्कर्षांतील अनिश्चितता ग्राहकांस स्पष्टपणे सांगावी, असा आग्रह धरला.

समूहाविषयी अधिक, व्यक्तीविषयी कमी

याचा अर्थ हे शास्त्र निरुपयोगी आहे असा नव्हे. एका व्यक्तीबाबत जे उत्तर डळमळीत असते, तेच हजारो व्यक्तींच्या सरासरीत भक्कम होते. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासानुसार आफ्रिकन-अमेरिकन व्यक्तींचा सरासरी ७३.२ टक्के वारसा आफ्रिकी आणि २४ टक्के युरोपीय आहे. हा युरोपीय वाटा प्रामुख्याने पुरुषांकडून आलेला आहे. २०२० मध्ये ५० हजारांहून अधिक व्यक्तींच्या माहितीवर आधारित अभ्यासाने अमेरिका खंडांतील देशांचा तौलनिक विचार केला. जहाजांतून उतरवलेल्या लोकांत पुरुषांचे प्रमाण ६० टक्क्यांहून अधिक असतानाही, आजच्या वंशजांतील आफ्रिकी वारशात स्त्रियांचा वाटा पुरुषांपेक्षा अधिक आढळतो. गुलाम स्त्रियांवरील मालकवर्गाचे लैंगिक अत्याचार कागदपत्रांत क्वचितच नोंदले गेले. लोकसंख्येच्या डीएनएमध्ये ते नोंदले गेले आहेत. त्याच अभ्यासात अमेरिकेतील वंशजांत नायजेरियाच्या प्रदेशाचा वारसा जहाजांच्या नोंदींवरून अपेक्षित होता त्याहून जास्त आढळला. ब्रिटिश कॅरिबियन बेटांवरून पुन्हा विकून मुख्य भूमीवर आणलेल्या गुलामांमुळे हे घडले असावे, असे स्पष्टीकरण संशोधकांनी दिले.

मेरीलँड राज्यातील कॅटॉक्टिन लोहभट्टीचे उदाहरण आणखी वेगळे आहे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून तेथे गुलाम मजुरांकडून लोखंडाचे उत्पादन करून घेतले जात असे. रस्तेबांधणीच्या वेळी त्यांच्या दफनभूमीतून काढण्यात आलेल्या अवशेषांपैकी २७ व्यक्तींचे डीएनए वाचून ते चाचणी केलेल्या ९० लाखांहून अधिक लोकांच्या नमुन्यांशी ताडून पाहण्यात आले. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात ४१,७९९ जिवंत नातलग आढळले. त्या दफनभूमीतील काही व्यक्तींचे पूर्वज सेनेगांबियातील वोलोफ व मांडिंका, तर काहींचे मध्य आफ्रिकेतील कोंगो समाजाशी निकटचे असल्याचे दिसले. एका जिवंत व्यक्तीच्या अनेक पिढ्यांच्या सरमिसळीतून मागे जाण्याऐवजी येथे दोनशे वर्षांपूर्वीच्या माणसाचाच डीएनए हाती असल्याने दुवा अधिक बळकट झाला.

मात्र या अभ्यासाला लागलेला प्रचंड संदर्भसंच एका खासगी कंपनीच्या ग्राहकांचा होता. ‘ट्वेंटीथ्री अँड मी’ ही ती कंपनी. २००७ मध्ये तिच्या चाचणीची किंमत ९९९ डॉलर होती, ती २०१२ पर्यंत ९९ डॉलरवर आली. ग्राहक वाढले तसे साठ्याचे मूल्य वाढले, आणि साठा वाढला तसे नवे ग्राहक आले. ऑक्टोबर २०२३ मध्ये सुमारे ६९ लाख ग्राहकांची माहिती चोरीस गेल्याचे प्रकरण उघडकीस आले. मार्च २०२५ मध्ये कंपनीने दिवाळखोरीसाठी अर्ज केला. सुमारे दीड कोटी लोकांचा जनुकीय तपशील त्यावेळी कंपनीच्या मालमत्तेचा भाग म्हणून लिलावात आला आणि जुलै २०२५ मध्ये तो संस्थापिकेच्याच नेतृत्वाखालील एका ना-नफा संस्थेकडे ३० कोटी ५० लाख डॉलरना गेला. ज्यांच्या पूर्वजांची यादी एकेकाळी मालमत्ता म्हणून लिलावात वाचली गेली, त्यांच्या वंशजांपैकी अनेकांची जनुकीय माहिती या व्यवहारात समाविष्ट होती. डीएनए ही केवळ व्यक्तीची माहिती नसते. तिचे भाऊ, बहीण व न जन्मलेली अपत्ये यांचीही ती असते, आणि त्यांची संमती कोणी घेतलेली नसते. कायद्यापुढील हा पेच कोणत्याही देशात पूर्णतः सुटलेला नाही.

न्यायालय आणि नागरिकत्व

गुलामगिरीतून लाभ मिळवलेल्या कंपन्यांकडून भरपाई मिळावी, यासाठी अमेरिकेत दाखल झालेल्या दाव्यांत डीएनए चाचणीचा आधार घेण्यात आला होता. शिकागो येथील केंद्रीय न्यायालयाने २००५ मध्ये हे दावे फेटाळले. विशिष्ट कंपनीच्या विशिष्ट कृत्याने विशिष्ट वादीच्या पूर्वजांचे नुकसान झाले, हा दुवा दाखवणे आवश्यक असते. आफ्रिकेतील एखाद्या समाजाशी साम्य दाखवणारा अहवाल तो दुवा पुरवत नाही.

याउलट, जेथे कागद टिकले तेथे हा दुवा सापडला. १८३८ मध्ये मेरीलँडच्या जेझुइट धर्मसंघाने २७२ गुलामांची लुइझियानातील मळेवाल्यांना सुमारे १ लाख १५ हजार डॉलरना विक्री केली आणि त्यातील काही रकमेतून जॉर्जटाउन महाविद्यालयाचे कर्ज फेडले. विक्रीखतात व जहाजाच्या यादीत नावे होती, पुढे चर्चच्या नोंदवह्यांतही ती उमटली. त्यांच्या साहाय्याने हजारो वंशजांचा माग लागला. २०१७ मध्ये विद्यापीठाने जाहीर क्षमायाचना केली आणि २०२१ मध्ये धर्मसंघाने वंशजांसाठीच्या निधीकरिता १० कोटी डॉलर उभारण्याचे मान्य केले. १८०८ नंतर अटकाव केलेल्या जहाजांतून मुक्त झालेल्या ९१ हजारांहून अधिक आफ्रिकी लोकांची नावे फ्रीटाउन व हवाना येथील नोंदवह्यांत टिकून आहेत. त्या नावांच्या उच्चारावरून भाषा ओळखण्याचे काम आजचे भाषक करत आहेत. एखाद्या नावातून जे कळते ते पुष्कळदा गुणसूत्रातून कळत नाही.

आफ्रिकी राष्ट्रांची भूमिका न्यायालयांहून उदार राहिली आहे. १६१९ मध्ये व्हर्जिनियात पहिले आफ्रिकी बंदी उतरवले गेले त्यास चारशे वर्षे पूर्ण झाल्यानिमित्त घानाने २०१९ हे ‘परतीचे वर्ष’ म्हणून साजरे केले. त्या वर्षी १२६ आणि २०२४ मध्ये ५२४ आफ्रिकी वंशजांना नागरिकत्व दिले. बेनिनने सप्टेंबर २०२४ मध्ये स्वतंत्र कायदाच संमत केला. गुलामांच्या व्यापारात सहाराच्या दक्षिणेकडील आफ्रिकेतून नेल्या गेलेल्या व्यक्तीचा वंशज असल्याचे दाखवणाऱ्या प्रौढ अर्जदारास त्यानुसार नागरिकत्व मिळू शकते. पुरावा म्हणून कौटुंबिक कागदपत्रे व साक्षींबरोबरच डीएनए चाचणीही ग्राह्य धरली आहे. पूर्वज नेमका आजच्या बेनिनमधील असल्याची अट नाही, हा या कायद्याचा शहाणपणा म्हणावा लागेल. चाचणी जेवढे खात्रीने सांगू शकते, तेवढेच कायदा विचारतो. अर्थात पर्यटन, गुंतवणूक व कुशल मनुष्यबळ यांची अपेक्षाही या औदार्यामागे आहे.

भारतातील सिद्दी

आफ्रिकी पूर्वजांचा शोध भारतालाही परका नाही. गुजरात, कर्नाटक, महाराष्ट्र, गोवा व तेलंगणात राहणारा सिद्दी समाज हा हिंदी महासागरातील व्यापाराने, बव्हंशी गुलाम वा सैनिक म्हणून आलेल्या आफ्रिकी लोकांचा वंशज आहे. १६१० च्या सुमारास खडकी नगर वसवणारा निजामशाहीचा वजीर मलिक अंबर आणि जंजिऱ्याचे सिद्दी मराठी वाचकांस परिचित आहेत. अंबर इथिओपियातून आला. ‘हबशी’ ही संज्ञाही त्याच प्रदेशावरून रूढ झाली. हैदराबाद येथील पेशी व रेणवीय जीवशास्त्र केंद्राच्या शास्त्रज्ञांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मात्र गुजरात व कर्नाटकातील सिद्दींचा आफ्रिकी वारसा बांटू भाषक समाजांशी अधिक जवळचा असल्याचे आढळले. या वारशाचे प्रमाण निम्म्याहून बरेच अधिक असून स्थानिक समाजांशी मिश्रण साधारण गेल्या दोनशे वर्षांतील असल्याचेही दिसले. म्हणजे दरबारी इतिहासात नोंदले गेलेले हबशी सरदार आणि जंगलाच्या कडेने वस्ती करून राहिलेले सिद्दी यांचे मूळ एकच असेल असे गृहीत धरता येत नाही. अटलांटिकप्रमाणे हिंदी महासागरातील सफरींची तपशीलवार नोंद उपलब्ध नसल्याने येथे जनुकीय पुराव्याचे मोल अधिक आहे.

सिद्दींना मिळालेला घटनात्मक दर्जा मात्र या पुराव्यावर आधारलेला नाही. अनुसूचित जमाती ठरवताना १९६५ च्या लोकूर समितीने सांगितलेले निकष विचारात घेतले जातात : आदिम लक्षणे, वेगळी संस्कृती, भौगोलिक अलगता, इतर समाजाशी संपर्काबाबतचा संकोच आणि मागासलेपण. राज्यघटनेच्या अनुच्छेद ३४२ अन्वये यादीत बदल करण्याचा अधिकार संसदेस आहे. गुजरातेत सौराष्ट्रातील काही जिल्ह्यांपुरता सिद्दींचा या यादीत समावेश आहे. कर्नाटकात उत्तर कन्नड जिल्ह्यातील सिद्दींना २००३ मध्ये हा दर्जा मिळाला. लगतच्या बेळगावी व धारवाड जिल्ह्यांतील त्यांच्याच सोयऱ्यांना त्यासाठी २०२० पर्यंत थांबावे लागले. यल्लापूर-हल्याळच्या वाड्यांवर एका बाजूला असलेल्या भावास शिष्यवृत्ती आणि जिल्ह्याची हद्द ओलांडून नांदायला गेलेल्या बहिणीच्या मुलास नाही, अशी स्थिती त्यामुळे इतकी वर्षे शक्य होती. त्या दोघांचा डीएनए तपासला असता तर फरक आढळला नसता. फरक होता तो अधिसूचनेतील जिल्ह्याच्या नावाचा.